घरचं जुनं कापड

शुक्रवार होता. सकाळी साडेदहाला मी शाळेच्या ग्रंथालयाच्या कुलपात किल्ली घातली आणि ती फिरली नाही. कुलूप बिघडलं असेल म्हणून शिपाईभाऊंना हाक मारली. त्यांनी एका हाताने कुलूप उघडलं. आत जाताना माझी डावी चप्पल उंबऱ्यापाशी राहिली आणि मी टेबलापर्यंत गेले. चप्पल पायात नाही हे मला त्यांनी सांगितलं.

दुपारी मला खुर्चीतून उठता आलं नाही. शनिवारी मी गडचिरोलीच्या दवाखान्यात होते. रविवारी नागपूरला. रविवारी संध्याकाळी श्वासासाठी माझ्या घशात नळी होती.

मी मुलचेऱ्याला राहते. वय त्रेपन्न. आजाराचं नाव जीबीएस. त्याची पुस्तकी माहिती मी देणार नाही, ती कुठेही मिळते. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, पायांपासून वर ताकद जाते आणि बहुतेकांची हळूहळू परत येते, एवढं पुरे. ज्यांच्या घरात कोणी असं एका दिवसात आडवं पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लिहायला वेळ लागतो. अर्धं पान झालं की पेन खाली ठेवावं लागतं.

नळीचे दिवस

नळी घातलेला माणूस झोपलेला असतो असा समज आहे. मी जागी होते. दिसत होतं, ऐकू येत होतं. पापण्यांशिवाय काही हलत नव्हतं. लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत. एक नर्सबाई मात्र पहिल्या दिवसापासून मला सांगून सगळं करत. "कुंदाताई, आता कुशीवर वळवते बरं. आता तोंड पुसते." रुग्ण बोलत नसला तरी त्याच्याशी बोला. हे मी भेटेल त्याला सांगते.

माझे पती नामदेव वनखात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. घरी मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. इथे नाव लिहिते, कारण नुसतं 'हे' म्हटलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही. भेटीच्या वेळेला ते रोज येत. माझ्या दोन्ही हातांना सुया होत्या, म्हणून पायाशी उभे राहून पाऊल धरत. धरलेलं मला दिसायचं. जाणवायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, ते म्हणाले, "धान कापणीले आलं. सगळं सुमनच्या भरवशावर किती दिवस टाकू? सोमवारी येतो." सुमन माझी धाकटी जाऊ. मग पाऊल जरा हलवून म्हणाले, "तवरिक कुठी जाऊ नको."

दोनदा पापण्या मिटल्या की 'हो', असं आमचं ठरलं होतं. मी दोनदा मिटल्या. ते हसत गेले.

सोमवारी मेघा आली. मेघा आमची एकुलती एक मुलगी, चंद्रपूरला बँकेत आहे. तिने मास्क लावला होता.

"बाबांले ताप हाय, आई. ताप असलेल्याले इथी आत येऊ देत नाई."

कारण पटण्यासारखं होतं. मी दोनदा पापण्या मिटल्या.

कारणं

बाविसाव्या दिवशी नळी निघाली. आवाज यायला आणखी आठवडा गेला. तोवर ताप उतरून नामदेवांचा गुडघा सुजला होता. मग मळणी सुरू झाली. मग त्यांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. दुसऱ्याच्या फोनवरून बोलायचं म्हटलं, तर मेघा म्हणाली, "त्याईले फोनवर ऐकू येते काय नीट? उगा तुझा जीव दमते." हे खरं होतं. त्यांना कमी ऐकू यायचं.

मला राग आला होता. माणूस बायकोला भेटायला दीड महिना येत नाही म्हणजे काय? मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडत होते, वाक्यं जुळवत होते. भेटल्यावर आधी काय बोलायचं ते ठरवलं होतं.

माझी तीस वर्षं पुस्तकांत गेली. कादंबरी अर्धी झाली की मी शेवट सांगते, त्यावरून घरात थट्टा व्हायची. हे मात्र मला ओळखता आलं नाही. मला ओळखायचं नसावं, असं आता वाटतं.

गडचिरोलीची खोली

डिसेंबरात मला व्यायामासाठी परत गडचिरोलीला आणलं. पाय आधाराने उभे राहायला लागले होते. हात नाही. बोटं आत वळून राहिली होती. मेघा भरवायची. फिजिओथेरपीच्या मॅडम स्पंजचा चेंडू दाबायला देत, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढायला लावत.

"नसा यायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या, "पण तोवर बोटं आखडली तर नसा येऊनही उपयोग नाही. हे चार-सहा महिने हातून घालवू नका."

मला पुस्तकाचं पान उलटता यायला हवं होतं. बाकी कशाची मी तेव्हा मागणी केली नव्हती. पण चेंडू दहादा दाबला की मन उठून जायचं.

शेजारच्या खाटेवर एक बंगाली आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांची सून शेफाली त्यांच्याजवळ असायची. मुलचेऱ्याच्या भोवती निर्वासित बंगाल्यांची गावं आहेत, त्यातल्याच एका गावची. बाजारात आम्ही कितीदा एकमेकींच्या बाजूने गेलो असू. ओळख इथे झाली. ती दिवसभर कांथा शिवायची. जुन्या साड्या, धोतरं एकावर एक तीन-चार थर अंथरून त्यावर धावदोऱ्याच्या बारीक ओळी. पांघरूण होतं, आपल्या वाकळीसारखं, पण पातळ.

एक दिवस ती माझ्या चेंडूकडे बघून म्हणाली, "दीदी, हा कायचा खेळ? लेकरू हाय काय तू? सुई धर."

"बोटं धरत नाईत, शेफाली."

"मोठी सुई देते. गोणी शिवायची."

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सुई उत्तम, फक्त टोचलेलं यांना कळणार नाही, लक्ष ठेवा. शेफालीने सुईला दोरा गुंडाळून तिची मान जाड केली आणि माझ्या अंगठ्यात आणि बोटात बसवली. पहिल्या दिवशी मी तिच्या एका चिंधीवर चार टाके घातले. आजींनी मान वळवून पाहिलं आणि बंगालीत काहीतरी म्हणाल्या. शेफाली तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय म्हणाल्या?"

"मा म्हणते, मुंगी पन याहून सरळ चालते."

कित्येक आठवड्यांनी मी हसले. दुसऱ्या दिवशी अकरा टाके झाले.

"आता तुझा कांथा लावू," शेफाली म्हणाली. "पन कपडा तुझ्या घरचा पायजे. नवा नाई चालत, नवा कपडा कडक राहते, सुई अडते. घरचा पायजे, घातलेला, धुऊन धुऊन नरम झालेला."

मेघाने सुमनला फोन केला. सुमन आमच्या अंगणापलीकडे राहते. घरची किल्ली तिच्याकडे होती. मेघा म्हणाली, "काकू, घरातले जुने नरम कपडे पाठव. आईले शिवाले पायजे." तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरभाऊंच्या हाती पिशवी आली.

पिशवी

दुपारी बाराचा सुमार. मेघा खिडकीपाशी डबा उघडत होती. शेफालीने पिशवी माझ्या खाटेवर मोकळी केली आणि एकेक कापड बोटांनी चोळून बघत बाजूला ठेवू लागली. माझ्या दोन सुती साड्या. उशीचे अभ्रे. जुना परकर.

"अरे वा," ती म्हणाली, "लुंगी! हे तर सोनं हाय दीदी. लुंगीसारखा कपडा नाई. एक, दोन... तीन."

निळ्या चौकटीची, हिरव्या चौकटीची आणि मातकट लाल.

नामदेवांकडे लुंग्या तीनच होत्या. ते घरी दुसरं काही नेसत नसत. एक अंगावर, एक दोरीवर, एक पेटीत. चौथी घेऊ म्हटलं की म्हणत, "कंबर एकच हाय."

मी पुन्हा मोजल्या. तीन होत्या. धुऊन, घडी करून.

"मेघा," मी म्हटलं, "आज घरी तुझे बाबा काय नेसून असतीन?"

डब्याचं झाकण तिच्या हातात होतं. ते तिने खाली ठेवलं. ती माझ्याकडे आली नाही. तिथेच भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली.

"कधी?" मी विचारलं.

"रविवारी. तू नागपूरले होती तवा."

"सोमवारी येणार होते ना."

"रविवारी सकाळी, आई. अंगणात दात घासून राह्यले होते. काकूनं चहा आणला तं खाली बसलेले दिसले. दवाखान्यात नेतपर्यंत..."

"तेरवी झाली?"

"झाली."

"अग्नी कोणं देल्ला?"

"मी."

म्हणजे रविवारी तिने बापाला अग्नी दिला आणि सोमवारी माझ्यापुढे उभी राहून ताप आल्याचं सांगितलं. मी तिला म्हटलं, "तू माझ्यासमोर हसून बोलत होती."

ती म्हणाली, "हसत नोती. मास्क होता ना."

शेफालीच्या हातात ती लाल लुंगी तशीच होती. तिला खाली ठेवावी की धरून राहावं, कळत नव्हतं. आजींना भाषा पुरती कळली नसेल, पण त्या खाटेवर उठून बसायचा प्रयत्न करू लागल्या. मोडलेल्या खुब्याने. शेफाली धावली.

मी रडले नाही. लोकांना वाटतं अशा वेळी हंबरडा येतो. मला कोरडं वाटत होतं आणि डोक्यात एकच हिशेब चालला होता. मी त्यांच्याशी मनात भांडत होते ते सगळे दिवस ते नव्हतेच. गुडघा सुजला तेव्हा नव्हते. मळणीला नव्हते. नागपूरला सुया लावताना माझ्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढून मेघाकडे दिलं होतं, बरी झाले की घालू म्हणून. माझे हात तेव्हापासून मोकळे होते. मोकळ्या हातांचा अर्थ मधल्या एका रविवारी बदलला आणि मला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस

चार दिवस मी व्यायाम केला नाही. मॅडम आल्या, त्यांनी बोटं उघडायला सांगितलं. मी उघडली नाहीत. त्या गेल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "कालपेक्षा आज उजवी मूठ घट्ट आहे. मला दिसतंय ते सांगते. तुमच्यावर जबरदस्ती नाही." मला ऐकू आलं, पण त्याचा माझ्याशी संबंध आहे असं वाटलं नाही.

रोज सकाळी शेफाली माझे केस विंचरायची आणि टिकली लावायची. तोवर तिला काही माहीत नव्हतं. बातमी कळल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने केस विंचरले आणि टिकल्यांचं पाकीट हातात धरून उभी राहिली.

"लावू, दीदी?"

मी मेघाकडे पाहिलं नाही. "लाव," म्हटलं. तिने लावली. यावर पुढे नातेवाइकांत बोलणं झालं, ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी सुमन आली. दारातच तिचा चेहरा उतरला. माझ्या पायाशी बसून म्हणाली, "बाई, मले वाटलं तुमाले पोरीनं सांगतलं असन. फोनवर तेच म्हणाली होती, डॉक्टर म्हंते आता आईले सांगाले हरकत नाई. मी समजली, सांगतलं."

"पण लुंग्या काऊन पाठवल्या?"

"तेरवीनंतर त्याईचे कपडे घराबाहेर काढाले पायजे होते. लोक म्हणत, देऊन टाक कोणाले तरी. मी बांधून ठेवले. तुमाले विचारल्याबिगर कोणाले देऊ? मंग हिचा फोन आला का आईले घरचे जुने कपडे पायजे. मले वाटलं, चांगलंच झालं. परक्याच्या घरी जाण्यापरीस तुमच्याच हाताखाली जातीन." ती रडत होती. "धुऊन पाठवले, बाई. इस्त्री बी केली असती, पन लाइन नोती."

हे ऐकून मला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर रडू आलं. पहिल्यांदा. सुमन घाबरली आणि मेघाला हाक मारू लागली. आजी आपल्या खाटेवरून मोठ्याने काही म्हणाल्या. शेफालीने सुमनला सांगितलं, "मा म्हणते, रडू दे तिले."

सुमनवर माझा राग नाही. तिच्या चुकीमुळे मला खरं कळलं. मेघा आणखी किती दिवस थांबली असती, तिलाही माहीत नाही.

शिवण उसवणं

लुंगी बाजारातून येते तेव्हा एक लांब कापड असतं. दोन टोकं घरी जोडून शिवावी लागतात. तिन्ही लुंग्यांची शिवण माझी होती, माझ्या मशीनवरची. कांथ्यासाठी ती उसवून कापड पुन्हा मोकळं करावं लागणार होतं.

सुमन गेल्यावर मी शेफालीला म्हटलं, "निळी दे."

"मी उसवून देते, दीदी. एका मिनिटाचं काम."

"नको."

तिने सुई माझ्या बोटांत बसवली. एक टाका उचलायला पहिल्यांदा कितीतरी वेळ लागला. दोरा दिसायचा, सुईचं टोक त्याखाली जायचं नाही. मशीनचा टाका बारीक असतो, आणि मी नेहमी बारीक ठेवते. तेव्हा मला माझ्याच कामाचा राग आला. निळी लुंगी उसवायला पाच दिवस लागले. मॅडमनी मधे एकदा पाहिलं, वेळ लिहून घेतली आणि चेंडू घेऊन गेल्या. तो पुन्हा आणला नाही.

मी तेरवीला नव्हते. राख दिना नदीत सोडली तेव्हा नव्हते. माझ्या वाट्याला ही शिवण आली.

खाली माझ्या साड्या, वर निळी आणि हिरवी लुंगी असे थर शेफालीने खाटेवर ताणून लांब टाक्यांनी धरून दिले. नक्षी कोणती काढू म्हणून विचारलं. ती म्हणाली, "जे आठवते ते काढ." आजींच्या कांथ्यावर होडी होती. ज्या नदीतून त्या लहानपणी निघाल्या, तिच्यावरची. मला काही आठवत नव्हतं, किंवा फार आठवत होतं. मी चौकटींच्या रेघांवरूनच सरळ ओळी घातल्या, वहीसारख्या. आजींना त्या कधीच सरळ वाटल्या नाहीत.

जानेवारीच्या मध्यावर एका दुपारी सुई तर्जनीत गेली आणि मी ओरडले. याआधी कितीदा गेली होती. रक्ताचा ठिपका कापडावर दिसला की मगच मला कळायचं. या वेळी आधी दुखलं, मग ठिपका दिसला.

"काय झालं?" मेघा धावत आली.

"टोचली."

"लागली काय जास्त?"

"नाई. टोचलेलं कळलं."

आजींनी शेफालीला विचारलं, शेफालीने सांगितलं. आजींनी मला जवळ बोलावलं, ते बोट आपल्या हातात घेतलं आणि मुद्दाम चिमटा काढला. मी "आई गं" म्हटलं. त्या खूश होऊन हसल्या. त्यांना दात नव्हते.

मेघा बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी वॉकर धरून तिच्यामागे गेले. बातमी कळल्यापासून महिनाभर आम्ही दोघी जेवण-औषधांपलीकडे बोललो नव्हतो. ती म्हणाली, "मी सांगतलं असतं तं तू नळीवर मेली असती. डॉक्टर म्हणाले होते धक्का नको."

"असेल."

"मंग मी काय कराले पायजे होतं?"

मी तिच्या शेजारी बाकावर बसले. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मी एवढंच सांगू शकते, की लपवावंच लागलं तर कोण सांगणार आणि कधी, हे त्याच दिवशी ठरवून ठेवा. आणि एकट्या मुलीवर टाकू नका. मेघाने ते ओझं एकटीने वाहिलं. बापासाठी रडायलाही तिला माझ्या नजरेआड जावं लागलं. हे मला फार उशिरा सुचलं, कारण मी माझ्याच धक्क्यात होते.

आता

फेब्रुवारीत मी घरी आले. एप्रिलपासून अर्धा दिवस शाळेत जाते. पान उलटता येतं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सुन्न आहेत आणि तशीच राहतील असं मॅडम म्हणतात. जिना चढताना कठडा लागतो. कांथा पूर्ण झाला, मेघा चंद्रपूरला घेऊन गेली. शेफालीच्या अंगणात बुधवारी चार-पाच जणी बसतात, तिथे मी दुसरा लावला आहे. आजी चालत नाहीत, पण टाके मोजतात.

मेघाचा रोज फोन येतो. ठेवण्याआधी मी एकच विचारते, "सगळं सांगतलं ना?" ती हो म्हणते. बहुतेक दिवशी माझा विश्वास बसतो. ज्या दिवशी बसत नाही, त्या दिवशी मी सुमनला विचारून घेते.